बायोचार टाकल्यावर पानं पिवळी, खताला उग्र वास, टाकीत शेवाळ: मात्रा घटवण्याआधी राख तपासा

बायोचार म्हणजे काडीकचरा किंवा खत कमी हवेत भाजून केलेला, जमिनीत टाकायचा कोळसा. त्याच्या तक्रारी हंगामाप्रमाणे बदलतात. पावसाळ्यात सोयाबीन पिवळं पडतं, हिवाळ्यात रोपवाटिकेत बी उगवत नाही, उन्हाळ्यात कोंबडीखताच्या ढिगाचा वास नाकाला झोंबतो नाहीतर सांडपाण्याच्या टाकीत शेवाळ वाढतं. उत्तर मात्र सगळ्यांना एकच मिळतं: मात्रा कमी करा. मात्रा कमी केली की त्रासही थोडा कमी होतो, त्यामुळे निदान बरोबर आलं असं वाटतं. पुढच्या भट्टीचा माल आला की तीच तक्रार परत येते.

ती परत येते याचं कारण मात्रेत क्वचितच असतं. एकाच तापमानाला भाजलेल्या दोन कोळशांचा कार्बनचा सांगाडा बऱ्यापैकी सारखा असतो. त्या सांगाड्यात अडकलेली खनिजं, म्हणजे जाळल्यावर जी राख म्हणून उरतात ती, दर मालाला वेगळी असतात. जमिनीचा सामू (पीएच), क्षार, स्फुरदाची (फॉस्फरसची) पकड, अमोनियाचा वास, फ्लोराइड, शिसं, या प्रत्येक बाबतीत निर्णय बऱ्याच अंशी हीच खनिजं करतात. पिशवीवर "१०० टक्के सेंद्रिय कार्बन" छापलेलं असलं तरी आत राख असतेच. मी तर असं छापणाऱ्याकडून माल घेताना दोनदा विचार करतो.

राखेत काय असतं

झाडाने जमिनीतून उचललेलं पालाश (पोटॅशियम), कॅल्शियम, मॅग्नेशियम, स्फुरद, सिलिका आणि क्लोराइड भट्टीत जळून जात नाही. काडीकचऱ्याचं निम्म्याहून जास्त वजन वाफ आणि वायू होऊन जातं आणि ही खनिजं उरलेल्या कोळशात दाटतात. नत्राचा मोठा हिस्सा उडून जातो, स्फुरद जवळपास सगळा मागे राहतो, पालाश ७०० अंश सेल्सिअसच्या पुढे हळूहळू वाफ होऊन निसटायला लागतो. कॅल्शियमची गोष्ट थोडी लांबलचक आहे. सालीत आणि पानांत ते बहुधा ऑक्झॅलेटच्या रूपात असतं, ५०० अंशांपर्यंत त्याचं कार्बोनेट होतं, म्हणजे आपली चुनखडी, आणि ७०० च्या आसपास किंवा वर गेलं की कळीचा चुना व्हायला लागतो. त्यामुळे एकाच लाकडाचा ४५० अंशांचा आणि ७५० अंशांचा कोळसा पाण्यात टाकला तर पाण्याचा सामू वेगळा येतो.

किती राख, हे कच्च्या मालावर ठरतं. करवंटीच्या किंवा साल काढलेल्या लाकडाच्या कोळशात ती दोन-चार टक्के असते. पऱ्हाट्या आणि तुराट्यांच्या कोळशात दहाच्या आसपास, साल आणि वाळलेला पाला जास्त असेल तर आणखी वर. धानाच्या तुसाच्या कोळशात ३५ ते ५० टक्के, आणि कोंबडीखताच्या कोळशातही तितकीच किंवा जास्त.

या शेवटच्या दोन आकड्यांपाशी बरेच जण फसतात. तुसाची राख जवळजवळ सगळी सिलिका असते. सिलिका सामू फारसा हलवत नाही, क्षारही सोडत नाही. कोंबडीखताच्या राखेत कॅल्शियम, स्फुरद आणि पालाश भरलेलं असतं. दोन्ही पिशव्यांवर "राख ४५ टक्के" असं प्रामाणिकपणे लिहिलं तरी एक जवळपास निष्क्रिय आणि दुसरी चुना, डीएपी आणि पोटॅश यांचं मिश्रण म्हणावी अशी. म्हणून राख मोजायची आणि ती कोणत्या जातीची तेही बघायचं.

घरी करता येण्याजोग्या चाचण्या

राख मोजायला सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा लागतो, बाजारात स्वस्तात मिळतो. उन्हात कडक वाळवलेला १० ग्रॅम कोळसा बारीक करून मातीच्या पणतीत किंवा जुन्या स्टीलच्या वाटीत घ्या आणि मोकळ्या हवेत निखाऱ्यांवर तापवत राहा. अधूनमधून खिळ्याने हलवा. काळे कण संपेपर्यंत काही तास जातात, घाई करू नका. थंड झाल्यावर वजन करा. १० ग्रॅमची १ ग्रॅम राख म्हणजे १० टक्के. प्रयोगशाळेइतकं हे नेमकं नाही, पण ५ टक्के आणि ४० टक्के यांतला फरक स्पष्ट दिसतो.

आता तीच राख बोटांत चोळून बघा. कचकच लागली तर सिलिका किंवा माती. तुराटीच्या कोळशात ३० टक्के राख आली आणि ती कचकचते, तर भट्टीतून माल काढताना खालची माती खरवडली गेली आहे. मऊ, फिकट राख असेल तर तिच्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसली तर कार्बोनेट आहे.

सामू बघायला हळद चालते. थोडी हळद सॅनिटायझरमध्ये कालवून ती पांढऱ्या कागदाला लावा आणि वाळू द्या. एक भाग कोळसा, वीस भाग पाणी, वजनाने. तासभर ठेवून फडक्याने गाळा. गाळलेल्या पाण्याचा थेंब हळदीच्या कागदावर लालसर उमटला तर सामू साडेआठच्या वर आहे. चुना घालून हळदीचं कुंकू होतं त्यामागचं रसायन हेच. आकडा हवा असेल तर सामूपट्टी वापरा.

क्षारांसाठी आरओचं पाणी तपासायचा साधा टीडीएस मीटर पुरे. आधी नुसतं पाणी मोजा, मग वरचं गाळलेलं पाणी, आणि वाढ किती झाली ते लिहून ठेवा. १:२० च्या पाण्यात ५०० पीपीएमच्या वर वाढ दिसली तर तो माल मी रोपवाटिकेत न धुता वापरत नाही. हा माझा अंदाजपंचे ठरवलेला उंबरठा आहे, कुठल्या मानकातला नाही.

तक्रार १: पीक पिवळं पडलं

सगळ्यात जास्त येणारी आणि सगळ्यात जास्त चुकीचं उत्तर मिळणारी तक्रार. पहिला प्रश्न असा की कोणती पानं पिवळी आहेत. खालची, जुनी पानं एकसारखी पिवळी होत असतील तर नत्र कमी पडलाय. कमी तापमानाला भाजलेल्या कोळशात सहज कुजणारा भाग उरलेला असतो. तो कुजवताना जिवाणू जमिनीतला नत्र स्वतःसाठी उचलतात. खनिजांचा इथे संबंध नाही. पुढच्या वेळी कोळसा शेणस्लरीत किंवा कंपोस्टमध्ये मुरवून टाका, विषय संपला.

वरची, नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर तो केवडा, म्हणजे लोहाची कमतरता. आता राखेकडे वळावं लागतं, पण जरा जपून.

विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या जमिनींचा सामू बहुतेक ठिकाणी आठच्या आसपास किंवा वर असतो आणि त्यात चुनखडी मुळातच असते. हिशोब करून बघा. एका एकरातली वरची १५ सेंटिमीटर माती साधारण आठ-साडेआठ लाख किलो भरते. त्यात ५ टक्के चुनखडी धरली तरी ४० टनांच्या पुढे जाते. तुम्ही एकरी दोन टन बायोचार पसरला आणि त्यातला ८ टक्के चुन्याच्या तोलाचा, म्हणजे सामू वाढवण्यात तेवढ्या चुनखडीइतका, असला, तर भर पडली १६० किलोंची. ४० टनांपुढे १६० किलो काहीच नाहीत. शेतभर पसरून नांगरलेल्या बायोचारमुळे केवडा पडला असं कोणी सांगितलं, तर मी आधी गेल्या वर्षीचं पीक कसं होतं ते विचारतो. बहुतेक वेळा तेव्हाही पाणी साचलेल्या पट्ट्यात पिवळेपणा होताच.

खड्ड्यात किंवा सरीत टाकलेल्या बायोचारचं प्रकरण निराळं. संत्र्याच्या रोपाच्या घनफूटभर खड्ड्यात पस्तीस-चाळीस किलो माती मावते. तिच्यात दोन किलो कोळसा मिसळला की प्रमाण ५ टक्क्यांवर गेलं. शेतभर पसरल्यावर ते पाव टक्कासुद्धा नव्हतं. शिवाय कोवळ्या मुळांना चुनखडीपेक्षा पालाशचं कार्बोनेट जास्त बाधतं, कारण ते पाण्यात चटकन विरघळतं, मुळाशेजारच्या पाण्यात बायकार्बोनेट वाढवतं आणि लोह मुळाला मिळेनासं होतं. केळीच्या खांबांच्या, सोडणांच्या (नारळाच्या वरच्या सालींच्या) आणि पालापाचोळ्याच्या कोळशात हा पालाश भरपूर असतो. आसाममध्ये केळीची राख पाण्यात भिजवून, गाळून जो खार करतात आणि स्वयंपाकात सोड्यासारखा वापरतात, तो याच क्षारांचा. जळगावकडे केळीचे खांब वाया जातात म्हणून त्यांचा कोळसा करायची कल्पना दर काही वर्षांनी कोणीतरी मांडतं. कल्पना वाईट नाही, पण तो कोळसा कार्बनच्या नावाने विकू नये, पालाश खत म्हणून मोजून टाकावा.

उपाय असा. उभ्या पिकात हिराकस (फेरस सल्फेट) अर्धा टक्का, म्हणजे १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम, फवारा. लोह नव्या पानांपर्यंत पोचायला एक फवारणी पुरत नाही, आठ-दहा दिवसांनी परत करा. पुढच्या लागवडीला खड्ड्यात करवंटीचा किंवा लाकडाचा कमी राखेचा कोळसा घ्या, नाहीतर असलेला माल धुऊन, शेणखतात महिनाभर मुरवून टाका. काळ्या जमिनीत सामू वाढवणारा बायोचार टाकण्यात फायदा शून्य आहे, हे एकदा मान्य केलं की मालाची निवड सोपी होते.

हीच पिशवी लांज्याला किंवा सावंतवाडीला पाठवा, तिथे ती कौतुकाची ठरेल. जांभ्या जमिनीचा सामू साडेपाच-सहा. तिथे मोकळं ॲल्युमिनियम मुळांना त्रास देतं आणि लोह-ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून बसतात. सामू थोडा वर आला की दोन्ही गोष्टी सैल होतात. कोकणात भाताच्या रोपाआधी वाफ्यावर कवळ (झाडांच्या तोडलेल्या फांद्या), पाला आणि शेण रचून राब भाजतात. त्याची कारणं अनेक, तण मरतं हे एक, पण पालाश आणि चुन्याची राख आम्लधर्मी मातीत मिसळते हेही एक. तिथला शेतकरी राखेचा उपयोग आधीपासून जाणतो.

तक्रार २: बी उगवलं नाही

कोकोपीट वापरणाऱ्यांना क्षार धुवायची सवय असते, बायोचारच्या बाबतीत मात्र तीच माणसं बेफिकीर असतात. कारणं दोन संभवतात: विरघळणारे क्षार, किंवा कमी भाजल्यामुळे राहिलेला डांबरासारखा अंश. दोन्ही वेगळे काढायला अळीव घ्या. तीन बशा करा. एकीत नुसती ओली माती, दुसरीत माती आणि जसाच्या तसा कोळसा, तिसरीत माती आणि तीनदा पाण्याने धुतलेला कोळसा. प्रत्येकीत मोजून अळीव पेरा. तीन-चार दिवसांत उत्तर मिळतं. धुतलेल्या कोळशात उगवण सुधारली तर दोष क्षारांचा. धुऊनही उगवलं नाही आणि कोळशाला धुराचा वास येतो, हाताला तेलकट लागतं, तर भट्टी थंड राहिली होती. तो माल परत भाजा.

धुवायचं पाणी मोरीत सोडू नका. त्यात पालाश आहे. कोकणात असाल तर नारळाच्या आळ्यात घाला. काळ्या जमिनीत कंपोस्टच्या ढिगावर, फिरवून फिरवून.

तक्रार ३: कोंबडीखताचा किंवा गोठ्याचा वास वाढला

बायोचार वास कमी करतो असं ऐकून लोक ढिगात मिसळतात आणि दुसऱ्या दिवशी डोळे चुरचुरतात. ताज्या खतातला नत्र अमोनियम आणि अमोनिया या दोन रूपांत फिरत असतो. अमोनियम पाण्यात राहतं आणि कोळसा ते काही प्रमाणात धरतो. अमोनिया वायू आहे, तो उडतो. दोघांतला तोल सामूवर ठरतो. २५ अंशांना सामू ७ असताना अमोनिया एक टक्कासुद्धा नसतो, ८ ला पाचेक टक्के, ९ ला एक तृतीयांशाच्या वर. कंपोस्टचा ढीग तापलेला असतो, त्यामुळे तिथे प्रमाण याहून जास्त. भट्टीतून काढलेला, ११ च्या जवळ सामू असलेला जास्त राखेचा कोळसा तुम्ही ढिगात टाकला, म्हणजे ढिगात चुना टाकल्यासारखंच झालं. वासाबरोबर नत्रही गेला, आणि तो तर विकत घेतलेला असतो.

इथे राख नको. लाकडाचा किंवा करवंटीचा कोळसा घ्या, तोही ओला करून महिनाभर पसरून ठेवलेला. या काळात हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यातला कळीचा चुना आणि पालाशचे तीव्र क्षार कार्बोनेटमध्ये बदलतो आणि सामू खाली येतो. कोळशाच्या पृष्ठभागावरही हळूहळू आम्लधर्मी गट तयार होतात, आणि अमोनियम धरण्यात त्यांचा उपयोग होतो. घाई असेल तर ढिगात जिप्सम मिसळा. जिप्सममधलं सल्फेट अमोनियाला स्थिर अमोनियम सल्फेटमध्ये बांधतं. चुना मात्र चुकूनही नको. वास घालवायला चुन्याची पूड टाकणारे आजही भेटतात.

तक्रार ४: गाळणी बसवली, तरी टाकीत हिरवं पाणी

घरचं सांडपाणी शोषखड्ड्याआधी बायोचारच्या थरातून न्यायचं, ही चांगली कल्पना आहे. गढूळपणा आणि वास कमी होतो. पण शेवाळाला हवा असतो स्फुरद, आणि स्फुरदाच्या बाबतीत साधा कोळसा जवळपास निरुपयोगी. पाण्यातलं फॉस्फेट ऋणभारित असतं, कोळशाचा पृष्ठभागही बहुतांशी ऋणभारित, दोघं एकमेकांना ढकलतात. त्यातही तुमचा कोळसा शेण, कोंबडीखत किंवा साखर कारखान्याच्या मळीचा (प्रेसमडचा) असेल तर तो स्वतःच स्फुरद सोडतो. म्हणजे गाळणीने पाण्याला खत घातलं. तपासायचं असेल तर १:२० च्या गाळलेल्या पाण्याला मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारा फॉस्फेटचा किट लावून बघा. रंग गडद आला तर तो माल गाळणीतून काढा आणि शेतात टाका, तिथे त्याची किंमत आहे.

स्फुरद पकडायला कोळशावर मॅग्नेशियम, कॅल्शियम किंवा लोह लागतं. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेलं काम मला यासाठी आवडतं. साखरेच्या बीटाचा चोथा त्यांनी दोन प्रकारे भाजला: एक जसाच्या तसा, दुसरा आधी बायोगॅसच्या टाकीत कुजवून. कुजवलेल्याच्या कोळशाने फॉस्फेट भरपूर धरलं, न कुजवलेल्याच्या कोळशाने फारसं नाही. कुजवलेल्या कोळशाच्या पृष्ठभागावर मॅग्नेशियम ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण सापडले. वरून काही मिसळलं नव्हतं, कच्च्या मालातलंच खनिज कामाला आलं.

आपल्याकडे मुद्दाम मॅग्नेशियम भरायचं तर भुसा किंवा चिपाडं मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात रात्रभर भिजवून, पूर्ण वाळवून, मग ५०० ते ६०० अंशांना भाजतात. मिठागरात मीठ काढून झाल्यावर जे कडवट पाणी उरतं त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, किनारपट्टीवर तो स्वस्त पर्याय आहे. सावधगिरी एकच, पण महत्त्वाची: भाजताना क्लोराइडमधून आम्लाची वाफ निघते. घराजवळ किंवा वाफ अंगावर येईल अशा बाजूला उभं राहून हे करायचं काम नाही, आणि पत्र्याची भट्टी गंजते ती वेगळीच. लोहाचा मार्ग सोपा आहे. तयार कोळसा हिराकसच्या पाण्यात मुरवायचा, मग चुन्याची निवळी थोडी थोडी घालत सामू सातच्या आसपास आणायचा. कोळशावर तांबूस थर बसतो, तोच फॉस्फेट धरतो. भरलेला कोळसा नंतर वाफ्यात टाका, स्फुरद हळूहळू सुटतो.

आर्सेनिकलाही हाच लोहाचा थर लागतो. महाराष्ट्रात हा प्रश्न फारसा नाही, पण बिहार-बंगालच्या गंगाकाठच्या भातशेतीत नुसता जास्त राखेचा बायोचार टाकणं धोक्याचं ठरू शकतं, कारण राखेतलं फॉस्फेट आणि सिलिकेट आर्सेनिकला मातीच्या कणांवरून ढकलून पाण्यात आणतात.

तक्रार ५: कोळशाच्या गाळणीने फ्लोराइड गेलं नाही

जाणार नाहीच. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांच्या काही भागांत विहीर-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेबाहेर आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ही मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोत नसेल तर जास्तीत जास्त १.५. लाकडाचा कोळसा, कितीही चांगला भाजलेला असो, फ्लोराइडसाठी उपयोगाचा नाही.

फ्लोराइड धरतो तो हाडांचा कोळसा. त्यात कार्बन जेमतेम दहा टक्के, बाकी जवळपास सगळं कॅल्शियम फॉस्फेटचं खनिज, हायड्रॉक्सीअपेटाइट. फ्लोराइड त्या खनिजात शिरून बसतं, तसंच आपल्या दातांत आणि हाडांतही बसतं, त्याचाच तर आजार होतो. केनियात नाकुरू भागात या कोळशाच्या गाळण्या प्रत्यक्ष चालल्या आहेत. भाजणी ५०० अंशांच्या आसपास ठेवावी लागते. फार तापवलं तर खनिजाचे स्फटिक मोठे होतात आणि पकड घटते, कमी तापवलं तर पाण्याला चव आणि वास येतो. आपल्या गावांत पिण्याच्या पाण्यात हाडं म्हटल्यावर बहुतेक घरं नको म्हणतील, आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तिथे सक्रियित ॲल्युमिनाच्या गाळण्या आहेत, किंवा नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेली तुरटी आणि चुन्याची नालगोंडा पद्धत आहे. कोणताही मार्ग घेतला तरी पाणी प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय प्यायचं नाही.

धुवायचं की नाही

वर दोन-तीनदा "धुवा" म्हटलं, पण जड धातूंसाठी नेमकं उलटं आहे. शिसं आणि कॅडमियमसारख्या धातूंना राखेतली कार्बोनेटं आणि फॉस्फेटं धरतात. शेणाच्या कोळशातलं फॉस्फेट शिशाला अत्यंत कमी विरघळणाऱ्या खनिजात बांधतं, आणि लाकडाचा महागडा कोळसा इथे मागे पडतो. हा माल धुतलात तर क्षारांबरोबर पकडही थोडी धुतली जाईल, आम्लाने धुतलात तर बहुतेक सगळीच. रोपवाटिकेसाठी धुतलेला आणि कारखान्याच्या सांडपाण्यासाठी न धुतलेला, असे दोन ढीग वेगळे ठेवा.

तीच भट्टी, तोच माणूस, तरी दर वेळी माल वेगळा

वारंवार होणाऱ्या त्रासाचं मूळ बहुधा इथे सापडतं. पऱ्हाट्यांबरोबर पाला आणि बोंडांची टरफलं किती गेली, यावर राख बदलते. शेवटी आग उघडी राहिली तर वरचा थर कोळसा न राहता राख होतो. माल करडा दिसला की समजायचं. विझवायची पद्धत तर जवळजवळ कोणीच लिहून ठेवत नाही. उघड्या शंकूच्या भट्टीत भरपूर पाणी ओतून विझवलं तर पालाशचे क्षार पाण्याबरोबर वाहून जातात. माती टाकून किंवा झाकण लावून विझवलं तर सगळे आत राहतात. म्हणजे मे महिन्यात पाणी नाही म्हणून झाकून विझवलेला माल आणि ऑगस्टमध्ये पाण्याने विझवलेला माल, एकाच लाकडाचा असूनही क्षारांत फार वेगळा निघतो. नंतर तो पावसात उघडा राहिला तर आणखी बदलतो. पिशवीवर कच्चा माल, विझवण्याची पद्धत आणि साठवण हे तीन शब्द खडूने लिहिले तरी निम्मं निदान बसल्या जागी होईल.

कार्बन क्रेडिटसाठी माल विकणाऱ्यांनी एक वेगळा हिशोब ध्यानात ठेवावा. राखेचे पैसे मिळत नाहीत. एक टन कोळशात ८० टक्के कार्बन असेल तर तो २.९ टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा, तुसाच्या कोळशात ४५ टक्के असेल तर १.६५ टनांच्या. मात्र पालाश भाजताना कार्बन धरून ठेवायला मदत करतं, वायू होऊन जाण्याऐवजी जास्त कार्बन घन रूपात उरतो, हेही प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून राख सरसकट वाईट म्हणणंही बरोबर नाही.

भंडारा-गोंदियाच्या राइस मिलमधून बॉयलरची काळी राख बायोचार म्हणून घेणार असाल तर दोन गोष्टी. ती बरीचशी जळून गेलेली असते, काळा रंग थोड्याशा कार्बनचा. १० ग्रॅमची चाचणी लगेच सांगेल. दुसरं, फार तापमानाला तुसातल्या सिलिकेचे स्फटिक बनतात आणि त्यांची धूळ फुप्फुसाला घातक असते. ती ओली करूनच हाताळा, तोंडाला साधा रुमाल पुरत नाही.

आणि प्रयोगशाळेत नमुना देताना नेहमीची माती परीक्षणाची पद्धत नको म्हणून सांगा. मातीसाठी एक भाग माती आणि अडीच भाग पाणी घेतात, पण कोरडा कोळसा तेवढं पाणी शोषून बसतो आणि वर मोजायला काही उरत नाही. १:२० ने सामू आणि ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचं माप), राखेची टक्केवारी, चुन्याच्या तोलात आम्लशामक क्षमता आणि विद्राव्य स्फुरद, एवढं मागा. तंत्रज्ञाने "यात सेंद्रिय कर्ब किती तेच सांगतो" म्हटलं तर दुसरी प्रयोगशाळा बघा.